टेकडीची टाकी आणि दोन अक्षरं

शहराच्या पाणीपुरवठा खात्यात तिला सगळे टाचणी म्हणत. अंगानं ती होतीच तशी, सडपातळ आणि ताठ. पण नाव पडलं ते त्यामुळे नव्हे. कुणाच्याही कामातली बारीकशी चूक ती इतकी नेमकी धरायची, की समोरच्याला टोचल्यासारखं व्हायचं. हे नाव ठेवलं अप्पांनी. त्या वेळी अप्पा तिचे सासरे नव्हते, साहेब होते.

ती टायपिस्ट म्हणून लागली तेव्हा पंपघरात पहिलावहिला कॉम्प्युटर येऊन पडला होता आणि त्याचं करायचं काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अप्पा वीज विभागाचे प्रमुख. त्यांनी एक जाडजूड पुस्तक मागवलं, आपलं आपण शिकले, आणि शहरातल्या सगळ्या टाक्यांवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम लिहायला घेतला. कुठल्या टाकीत पाणी किती, कुठला पंप कधी सुरू करायचा, कुठला व्हॉल्व्ह कधी उघडायचा, हे सगळं त्यानं ठरवायचं. अप्पा कागदावर लिहायचे, ती टाइप करायची. एक दिवस तिनं कागद परत नेऊन त्यांच्या पुढ्यात ठेवला. "साहेब, इथे कंस उघडलाय, पण मिटायचा राहिलाय."

अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवून तिच्याकडे पाहिलं. कंस कशासाठी असतो हे तिला तोवर कुणी सांगितलंही नव्हतं. वर्षभरात ते तिच्या वडिलांकडे जाऊन आपल्या मुलासाठी मागणी घालून आले. मुलगा चित्रकलेचा शिक्षक, स्वभावानं गरीब. तो अजूनही पाहुण्यांना सांगतो, "जमलं ते या सासऱ्या-सुनेचं. मी आपला मध्ये घातलेला अर्धविराम."

अप्पा निवृत्त झाले, प्रोग्राम तिच्या हाती आला. त्यात करण्यासारखं काही नव्हतंच. तो बिनबोभाट चालायचा. साहेब आले, बदलून गेले. पंप बदलले, पाइप बदलले. प्रोग्राम आपला तोच, आणि तो ज्याच्यावर चालायचा ते यंत्रही तेच. टाचणीनं पन्नाशी ओलांडली. अप्पांच्या डोळ्यांत धुकं उतरलं, चेहरे दिसायचे पण अक्षर दिसेना. आणि एका दुपारी पंपघरातल्या त्या यंत्राचा पडदा थिजला.

आकडे हलेनात. पंपांची घरघर चालूच होती, टेबलावरचा चहाचा पेला नेहमीसारखा थरथरत होता, पण कुठल्या टाकीत काय चाललंय हे कुणालाच कळत नव्हतं. फोरमन हातात पाना घेऊन धावला, त्याची माणसं जीपमधून टाक्यांकडे पळाली. टाचणीनं यंत्राचं झाकण काढलं तर आतून जळकट वास आला. तिनं टेबलफॅन आणून त्याच्या पोटाशी लावला आणि हात जोडून बसावं तशी बसून राहिली. बऱ्याच वेळानं पडदा जागा झाला. सगळे हसले, टाळ्या पिटल्या. तिनं मात्र पंखा तिथून हलवू दिला नाही.

साहेबांनी लगेच नवं यंत्र मागवलं. साहेब वयानं तिच्यापेक्षा बरेच लहान, हुशार, आणि कायम घाईत. वरून रोज विचारणा व्हायची. "मॅडम, प्रोग्राम तोच आहे ना? मग उचलायचा आणि इथे ठेवायचा. त्यात काय एवढं?"

त्यात एवढं होतं. माणसानं लिहिलेला प्रोग्राम यंत्राला तसाच्या तसा कळत नाही. त्याचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा एक मध्यस्थ लागतो, त्याला कंपायलर म्हणतात. अप्पांच्या वेळचा कंपायलर नव्या यंत्रावर चालेना. नवा आणला, तर त्याचा स्वभाव निराळा. जुना होता घरातल्या माणसासारखा. अर्धवट बोललं तरी समजून घ्यायचा. नवा म्हणजे उलटतपासणी घेणारा वकील. हे कुठून आणलं? याचा प्रकार काय? हे तुम्ही आधी का सांगितलं नाहीत? टाचणीनं पहिल्यांदा कळ दाबली आणि पडद्यावर चुकांच्या ओळी अशा धावत सुटल्या, की तिला वाचायलाही सापडेनात.

घरी तिनं ते अप्पांच्या कानावर घातलं. अप्पा खुर्चीत बसून रेडिओ ऐकत होते. त्यांनी रेडिओ बंद केला.

"चुका? माझ्या प्रोग्राममध्ये?"

"चुका म्हणजे तशा नव्हेत, अप्पा. लिहायची पद्धत बदललीय आता."

"इतकी वर्षं शहर पाणी प्यायलं ते काय चुकांवर? त्या कंपायलरलाच अक्कल नसेल."

जेवताना नवऱ्यानं तिला डोळ्यांनी खुणावलं, आता गप्प बस. पण दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली तर अप्पा दारातच उभे. "आण ते कागद. वाच. मला दिसत नाही, पण ऐकू येतं."

मग रोजचंच झालं ते. ती ओळ वाचायची, अप्पा मान हलवायचे. प्रोग्रामचा हा तयार तुकडा, हे फंक्शन, जुन्या कंपायलरबरोबर फुकट यायचं, आता मिळणार नाही, आपलं आपण लिही. इथे मी आकड्याचा प्रकार सांगितला नव्हता, तो लिही. त्यांना सगळं आठवायचं. कुठली ओळ लिहिताना वीज गेली होती तेसुद्धा. कधीकधी मात्र ते मध्येच अडखळत आणि मग विनाकारण खेकसत. "पुढे चल! एकाच ठिकाणी काय घोळ घालतेस?" टाचणीच्या ते ध्यानात आलं होतं. तिनं विषय काढला नाही.

चुका ओसरत गेल्या. एका सकाळी कंपायलरनं एकही चूक न दाखवता काम पुरं केलं. फक्त इशारे उरले. इशारा म्हणजे, 'हे मी चालवून घेतो, पण मला ते ठीक दिसत नाही.' असे इशारे शेकड्यांनी होते, बहुतेक निरुपद्रवी, एकाच छापाचे.

"इशारे म्हणजे चुका नव्हेत ना?" साहेबांनी विचारलं.

"नव्हेत. पण एकेक बघायला हवा."

"सवडीनं बघा. आधी सुरू करू."

"शेजारी चालवू," ती म्हणाली. "जुनं यंत्र व्हॉल्व्ह चालवेल. नव्याला फक्त आकडे दाखवू आणि ते काय करायला सांगतं ते पाहू. दोघांचं एकमत झालं की मग त्याच्या हाती देऊ."

साहेबांनी तोंड वाकडं केलं पण मानलं.

दोन्ही पडदे शेजारी शेजारी लागले. टाचणी मध्ये बसून एकदा इकडे, एकदा तिकडे बघायची. फोरमन म्हणाला, "बाई, मान मोडेल तुमची." सुरुवातीला दोघांचं अगदी गुळपीठ होतं. मग एका दुपारी टेकडीच्या टाकीवरून एक आकडा जरा खाली आला. पंप सुरू झाला की टाकीतलं पाणी हिंदकळतं आणि आकडा क्षणभर पडतो, हे सगळ्यांना माहीत होतं. जुनं यंत्र गप्प राहिलं. नवं ताबडतोब म्हणालं, टाकीत पाणी सोडणारा व्हॉल्व्ह उघडा.

टाकी काठोकाठ भरलेली होती. खरंच उघडला असता तर पाणी ओसंडून टेकडीच्या उतारावरच्या घरांत शिरलं असतं.

तिनं पुन्हा तसाच आकडा यायची वाट पाहिली. आला. या वेळी नवं यंत्र गप्प! नंतर परत एकदा उघडा म्हणालं. चूक नेहमी झाली तर माणूस ती धरू शकतो. ही मनात येईल तेव्हा व्हायची.

"सेन्सर गंडला असेल," साहेब म्हणाले.

"सेन्सर एकच आहे, साहेब. दोघांना तोच आकडा जातो."

आणि ती हे शोधत असतानाच, दुसऱ्या दिवशी सकाळी, जुन्या यंत्रानं मान टाकली. पंखा लावून झाला, वायर हलवून झाली. पडदा काळा तो काळाच.

आता जुनं नाही आणि नव्यावर भरवसा नाही. साहेब म्हणाले, नवं जोडा. टाचणी म्हणाली, नाही. इतक्या वर्षांत ती साहेबांना तोंडावर नाही म्हणाली नव्हती. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "टेकडीवर हॉस्पिटल आहे, साहेब. मला कारण सापडेपर्यंत हातानं चालवू."

मग फोरमनची माणसं टाक्यांच्या शिड्यांवर चढली. ती वरून पातळी फोनवर सांगत, खाली फोरमन ठरवे, कुणीतरी धावत जाऊन चाक फिरवे. टाचणी इशाऱ्यांची ती लांबलचक यादी उघडून बसली, आणि जे सवडीनं बघायचं होतं ते आता श्वास रोखून बघू लागली. निरुपद्रवी इशाऱ्यांच्या गर्दीत एक वेगळा निघाला. टेकडीच्या टाकीच्या फंक्शनमध्ये डीएच नावाचा एक आकडा वापरला होता, पण त्याची सुरुवात कितीपासून हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आत्ता तिला उलगडा झाला. यंत्राला सुरुवात सांगितली नाही, तर त्या जागी आधीचं जे काही पडलेलं असेल तेच ते उचलतं. म्हणून कधी उघडा, कधी गप्प. तिनं डीएच बरोबर शून्य असं लिहिलं. कंपायल केलं. इशारा गेला. टाकीवरून हिंदकळणारे आकडे येत राहिले आणि नवं यंत्र शहाण्यासारखं गप्प राहिलं.

"झालं!" साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला. "आता जोडायचं?"

"मी जेवायच्या सुट्टीत घरी जाऊन येते. तोवर थांबा." का थांबायचं ते तिला सांगता येईना. एवढंच, की डीएच म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं. अप्पांच्या काळी यंत्रात जागा कमी, म्हणून ते नावं दोन-दोन इंग्रजी अक्षरांत उरकत. नाव माहीत नसलेल्याला आपण शून्य देऊन बसलो, हे तिच्या मनाला खात होतं.

अप्पा हात धुऊन पानावर बसत होते. नवऱ्याला शाळेला सुट्टी होती, तो वाढत होता. तिनं उभ्याउभ्याच विचारलं, "अप्पा, टेकडीच्या टाकीत डीएच काय होतं?"

"डीएच? धार," अप्पा चटकन म्हणाले. "पाण्याची धार."

"त्याची सुरुवात कितीपासून?"

"शून्यापासून. आणखी कशापासून असणार?"

उत्तर तिला हवं होतं तेच मिळालं होतं. पण ते फार लवकर मिळालं. तिनं पिशवीतून कागद काढला. पातळी कमी दिसली की डीएचमध्ये एक मिळवा. पातळी ठीक दिसली की डीएच शून्य करा. डीएच ठरावीक आकड्याच्या वर गेला की व्हॉल्व्ह उघडा.

"अप्पा, धार एकेकानं वाढते का?"

अप्पांचा हात ताटावरच थांबला. "तू माझी परीक्षा घेतेस?"

"नाही, अप्पा."

"मी लिहिलंय ते! मला विचारतेस धार कशी वाढते!" ते उठले, भिंतीला हात लावत आतल्या खोलीत गेले आणि दार ओढून घेतलं.

नवरा वाडगं हातात धरून उभा. "अगं, जेवताना तरी..."

"मला जायचंय हो परत. ते तिथे वाट बघतायत." तिला अप्पांचा राग आला होता आणि त्यांची कीवही येत होती, आणि दोन्हींपेक्षा जास्त भीती वाटत होती. तिनं पिशवी उचलली, चपला घातल्या, आणि तशीच दारात उभी राहिली. जाववेना.

आतलं दार उघडलं. अप्पा चौकट धरून उभे होते. एकाएकी ते फार लहान दिसले.

"सूनबाई," ते म्हणाले, "मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. धार म्हणालो ते उगाच. काहीतरी म्हणायचं म्हणून." मग जरा थांबून, "हल्ली असं होतं. तुम्हाला कळू नये म्हणून मी खेकसतो."

तिनं चपला काढल्या. त्यांना धरून खुर्चीत बसवलं. "आठवू नका, अप्पा. मी वाचते. ही टाकी तुम्ही पाहिलीय, मी फक्त तिचे आकडे पाहिलेत. सावकाश जाऊ."

"पहिल्या ओळीपासून," अप्पा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

ती वाचू लागली. नवराही ताट झाकून शेजारी टेकला. पातळी घ्या. पातळी कमी असेल तर... अप्पांचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला आणि हवेत हळूहळू वर-खाली होऊ लागला, पाण्यावर तरंगणाऱ्या भोपळ्यासारखा.

"लाट येते," ते पुटपुटले. "पंप लागला की लाट येते. आकडा पडतो. पडला म्हणून लगेच धावत सुटायचं नाही. परत बघायचं. परत कमी? परत बघायचं. लागोपाठ इतक्या वेळा कमी दिसलं, तरच उघडायचं." हात थांबला. "धीर. सूनबाई, तो धीर आहे. धार नव्हे. मी त्याला धीर म्हणायचो. यंत्रानं किती धीर धरला ते मोजायचं."

टाचणीनं कागदावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. लागोपाठ किती वेळा, हे मोजायचं तर मागचा आकडा लक्षात राहायला हवा. जुन्या यंत्रात ती जागा योगायोगानं कुणी दुसरं वापरत नव्हतं, म्हणून मागचा आकडा तिथे तसाच टिकून राहायचा. सगळी वर्षं शहर त्या योगायोगावर चाललं होतं. आणि तिनं काय केलं होतं? दर खेपेला आल्या आल्या शून्य. शून्यात एक मिळवला की एक. पुढच्या खेपेला परत शून्य, परत एक. तो आकडा कधीही एकच्या वर जाणार नाही. टाकी रिकामी झाली तरी व्हॉल्व्ह उघडणार नाही.

तिनं ते सांगितलं तसे अप्पा म्हणाले, "अजून जोडलं नसेल ना?"

तिनं पंपघरात फोन लावला. फोरमननं उचलला, मागे पंपांची घरघर. "बाई, साहेबांनी जोडलं. तुम्ही गेल्यावर आमचा एक जण ओल्या शिडीवरून घसरला, पाय मुरगळला त्याचा. साहेब म्हणाले, आता माणसं मरतील, पुरे झालं. सगळ्यांना खाली बोलावलं."

"टेकडीची पातळी किती?"

"खाली गेलीय बरीच. पण मशीन म्हणतंय थांब."

"ते कायमच थांब म्हणणार! मीच तसं शिकवलंय त्याला. माणूस पाठवा वर, आत्ता!"

"जीप त्याला घेऊन दवाखान्यात गेलीय. मी निघतो, पण मला वेळ लागेल."

टेकडी त्यांच्या घरापासून जवळ होती. नवऱ्यानं काही न विचारता स्कूटरची किल्ली घेतली. चढावर स्कूटर कण्हत होती, टाचणी मागे बसून मनातल्या मनात हॉस्पिटलच्या मजल्यांवरचे नळ बंद पडताना बघत होती. टाकीच्या कुंपणाशी पहारेकरी पेपर वाचत बसला होता. त्यानं तिला ओळखलं, कुलूप काढलं. व्हॉल्व्ह एका खड्ड्यात होता, त्यावर लोखंडी चाक. हे चाक तिनं कागदावर हजारदा उघडलं-मिटलं होतं. हात आयुष्यात कधी लावला नव्हता. दोघांनी जोर लावला. चाक तसूभर हललं नाही.

तिनं मोबाइलवरून घरी फोन लावला, स्पीकर चालू केला आणि तो खड्ड्याच्या काठावर ठेवला. "अप्पा, हलत नाही!"

"मोटर त्याला धरून ठेवते," अप्पांचा आवाज आला, स्वच्छ आणि ठाम. "डाव्या बाजूला खाली एक दांडा असेल. तो आधी खाली ओढ, मोटर सुटेल. मग चाक घड्याळाच्या उलट. पहिला फेरा जड जातो, घाबरायचं नाही. मग आपोआप येईल."

दांडा चिखलात दडलेला होता. नवऱ्यानं तो पायानं दाबला, खट्कन आवाज झाला. मग दोघांनी चाक धरलं. ते कुरकुरलं, हललं, आणि पाइपातून खोल कुठूनतरी पाणी धडधडत वर येऊ लागलं. फोरमन घामाघूम होऊन पोचला तेव्हा चित्रकलेचे सर खड्ड्यात गुडघ्यापर्यंत चिखलात उभे होते आणि त्यांची बायको चाकाला मिठी मारून रडत होती.

हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर नळांतून थोडा वेळ नुसती हवा आली, मग गढूळ पाणी. नर्सनी साठवलेलं पाणी होतं, भागलं. तक्रार आली, चौकशी झाली, साहेबांना वर जाऊन उत्तर द्यावं लागलं. परत आले तेव्हा ते टाचणीच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "तुम्ही थांबा म्हणाला होता," एवढंच म्हणाले.

"शून्य मी लिहिलं होतं, साहेब."

"माणूस घसरला तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही."

"मलाही सुचलं नसतं," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

दुरुस्ती एका शब्दाची निघाली. डीएचच्या आधी 'स्टॅटिक' लिहिलं, की यंत्र तो आकडा पुसत नाही, पुढच्या खेपेपर्यंत सांभाळून ठेवतं. तिनं तो शब्द लिहिला, आणि डीएच हे नाव खोडून पूर्ण 'धीर' लिहिलं. चाचणीच्या दिवशी अप्पांनी हट्टानं पंपघरात यायचं ठरवलं. त्यांना खुर्ची दिली. फोरमननं अंगणातली फुलझाडांना पाणी घालायची नळी सोडून त्यांना वाकून नमस्कार केला. तो अप्पांच्या हाताखाली लागलेला. वर टाकीवर माणूस उभा ठेवला होता, वेळ पडलीच तर. टाचणी आकडे मोठ्यानं वाचू लागली, कारण अप्पांना पडदा दिसत नव्हता.

"कमी." यंत्र गप्प.

"परत कमी." यंत्र गप्प. साहेबांनी कपाळ पुसलं.

"परत कमी." काहीच नाही. टाचणीनं फोनकडे हात नेला.

"थांब," अप्पा म्हणाले. "त्याला धीर धरू दे."

"परत कमी," ती म्हणाली, आणि भिंतीवरच्या पेटीत टिक् झालं. वरून माणसाचा फोन आला, उघडतोय, बाई, आपोआप उघडतोय!

पुढे तिनं साहेबांकडून वेळ मागून घेतला आणि उरलेले सगळे इशारे एकेक करून काढले. अप्पांबरोबर रोज बसायची. आता अप्पा खेकसत नसत. आठवलं तर सांगत, नाही आठवलं तर सरळ म्हणत, नाही आठवत, वाच पहिल्यापासून. दोन अक्षरी नावं जाऊन त्यांच्या जागी पूर्ण नावं आली. ती घाईही करायची, कारण अप्पांकडे काय किती दिवस टिकणार हे कुणाला सांगता येत नव्हतं. एकदा त्यांनी तिलाच विचारलं, तू टायपिस्ट म्हणून लागलीस ना, मग घरी कशी?

एक नाव मात्र उरलं. कागदांच्या शेवटी एके ठिकाणी जीएन नावाचा आकडा आहे. त्याला सात दिलेले आहेत आणि पुढे तो कुठेही वापरलेला नाही. तिनं तो भाग अप्पांना वाचून दाखवला, पहिल्या ओळीपासून, पुन्हा पुन्हा. अप्पांनी डोळे मिटून हात हवेत फिरवला आणि शेवटी नकारार्थी मान हलवली. कंपायलर दरवेळी इशारा देतो, हे कशाला ठेवलंय? तिनं एकदा ती ओळ काढली. सगळं सुरळीत चाललं, कुठलीही टाकी रिकामी झाली नाही, कुठलीही ओसंडली नाही. तरी दिवसभर तिचं कशात लक्ष लागेना. घरी जायच्या आधी तिनं ती ओळ परत होती तिथे लिहिली, कंपायल केलं, इशारा वाचला, आणि मग दिवे मालवून बाहेर पडली.